कुर्ल्याची फियाट: काय जपायचं, काय बदलायचं

जुनी गाडी गॅरेजला लावली की पत्र्यावाल्यापासून वायरमनपर्यंत प्रत्येक जण एकच विचारतो: "ओरिजिनल ठेवायची, की मॉडिफाय करायची?" घाईत उत्तर देऊ नका. अख्ख्या गाडीसाठी ते एकदाच देता येत नाही. पत्र्याचं उत्तर वेगळं, ब्रेकचं वेगळं, सीटचं वेगळं, आणि रंगाचं तर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं. या लेखासाठी मी उदाहरण घेतलं आहे ते प्रीमियर पद्मिनीचं आणि तिच्या आधीच्या फियाट 1100चं. वाड्याच्या बोळात नाहीतर सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी गाडी आपल्याकडे बहुधा हीच असते, आणि तिचा जन्मही इथलाच, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातला.

आपल्याकडे नेमकं काय उभं आहे, ते आधी ओळखा. पन्नासच्या दशकातली गोलमटोल, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी, मुंबईने जिचं 'डुक्कर फियाट' असं बारसं केलं ती एक. साठच्या दशकातली 'डिलाइट' दुसरी. मग थोडा काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट', आणि 1974 पासून 'पद्मिनी'. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं, तोवर तिच्या पोटात तेच 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. डुक्कर फियाट आता क्वचितच दिसते, धड अवस्थेतली तर फारच क्वचित. नव्वदच्या दशकातल्या पद्मिनी अजून बऱ्याच आहेत. माझं सरळ मत असं, की गाडी जितकी दुर्मीळ, तितका आपल्या आवडीचा तिच्यावरचा हक्क कमी. 1995च्या पद्मिनीत तुम्ही मनासारखी सीट बसवलीत तर जगाचं काही बिघडत नाही. पन्नासच्या दशकातल्या गाडीच्या डॅशबोर्डला म्युझिक सिस्टीमसाठी भोक पाडलंत, तर तसा डॅशबोर्ड पुन्हा मिळणार नाही.

दुर्मीळपणाखेरीज आणखी एका गोष्टीने गाडीचं वजन वाढतं, ते म्हणजे तिचा इतिहास. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना 1964 साली फियाट घेतली. किंमत 12,000 रुपये. त्यातले 5,000 त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले, आणि त्यांच्या निधनानंतर पत्नी ललिताजींनी ते पेन्शनमधून फेडले. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात आहे. मॉडेल म्हणून त्या काळच्या इतर फियाटपेक्षा तिच्यात वेगळं काही नाही, पण तिचा एखादा नॉबसुद्धा बदलण्याआधी दहा वेळा विचार करावा लागेल. तुमच्या घरच्या गाडीला असा राष्ट्रीय इतिहास नसेल, घरचा असेल. वडिलांनी पुढच्या काचेवर चिकटवलेलं क्लबचं स्टिकर, आजोबांनी बसवून घेतलेला कॅरियर, मागच्या काचेचे पडदे यांपैकी काहीच कारखान्यातून आलेलं नव्हतं. तरी 'ओरिजिनल करायची' या नादात ते काढून टाकणाऱ्यांना मी थांबवतो. त्या काळात, त्या मालकाने, त्या काळच्या बाजारातून घेऊन लावलेली वस्तू ही गाडीच्या आयुष्याचा भाग असते. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेला दिवस तेवढा खरा, आणि नंतरची चाळीस वर्षं खोटी, असं कसं म्हणायचं?

गाडी नवी असतानाही कधी नव्हती इतकी चकचकीत करणं हा याच गोंधळाचा दुसरा प्रकार. त्या काळच्या गाड्यांमध्ये दरवाजा आणि मडगार्डमधली फट सगळीकडे सारखी नसे आणि रंगाला आजच्यासारखी काचेची झळाळी नसे. आज आपण आधुनिक रंगाचे थर देतो, वर क्लिअर कोट मारतो, बंपरला आरशासारखं क्रोम करतो आणि तिला ओरिजिनल म्हणतो. ती देखणी होते, यात शंका नाही. पण ती तुमच्या आवडीची गाडी झाली, मूळची नव्हे. आवड असायला हरकत नाही, फक्त तिला दुसरं नाव देऊ नका.

जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे 'फिव्हा'ने, 2012 साली 'ट्यूरिन सनद' स्वीकारली. तिच्यात याबद्दल एक शहाणपणाची भूमिका आहे. वापरासाठी किंवा सुरक्षिततेसाठी बदल करावा लागलाच तर तो नजरेत न भरणारा असावा, शक्यतो परत फिरवता येण्याजोगा असावा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत. माझ्या मते सगळा वाद या परत फिरवण्याच्या कसोटीवर सुटतो. कोणताही बदल करण्याआधी विचारा: पुढच्या मालकाला स्पॅनर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एका दिवसात हे जुन्यासारखं करता येईल का? येत असेल तर खुशाल करा. त्यासाठी गॅस कटर लागणार असेल, तर थांबा.

आता पत्रा. फियाटला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळाचा पत्रा, दरवाजाखालच्या पेट्या आणि जॅक लावायच्या जागा गंजल्या तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, गाडी मधून वाकू शकते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीकडची गाडी घेत असाल तर खाऱ्या हवेचा हिशेब आधीच धरा. रबरी मॅट उचला, खालचं जूट काढा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे पुट्टी आहे. बॅटरीखालची जागा, स्टेपनीचा खड्डा, दरवाजांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी हे सगळं बघा. दरवाजांच्या तळाशी पाणी जायला बारीक छिद्रं असतात. ती रंगाने किंवा चिखलाने बुजली की पाणी आतच राहतं आणि दरवाजा आतून कुजत येतो.

इथे एकच सल्ला देतो आणि तो खर्चीक आहे. कुजलेला भाग कापून, तेवढाच नवा पत्रा घडवून वेल्ड करणारा कारागीर शोधा. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून वर पुट्टी भरणारा नको. दुसरं काम निम्म्या पैशात होतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत फुगून वर येतं. जुन्या गाड्यांचा पत्रा आजच्यापेक्षा जाड, म्हणून जिथे तो धड आहे तिथे सरसकट खरवडूही नका. किरकोळ पोचे काढायलाच हवेत असं नाही. पॅरिसमध्ये फेब्रुवारी 2015च्या लिलावात अभिनेता अलाँ देलाँ यांच्याकडे एकेकाळी असलेली एक फेरारी शेडमधल्या धुळीसकट, जशीच्या तशी 1 कोटी 60 लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. पद्मिनीची धूळ कुणी इतक्याला घेणार नाही, हे मान्य. पण मूळ रंग शाबूत असेल तर गाडी धुऊन, हलकं बफिंग करून आधी महिनाभर वापरून बघा. अनेकांचा रंगाचा आग्रह तेवढ्यात मावळतो.

रंग द्यायचाच असेल तर मूळ रंग कोणता होता, हे गाडीच सांगते. डॅशबोर्डच्या खाली, दरवाजाच्या आतल्या कार्डामागे, डिकीच्या मॅटखाली तो दिसतो. बाहेर एखाद्या न दिसणाऱ्या जागी बारीक वॉटर पेपर पाणी लावून घासला तर एकाखाली एक थर गोल कड्यांसारखे उघडे पडतात. त्याचा फोटो काढा आणि तोच नमुना दाखवून रंग जुळवून घ्या. मूळचा करडा रंग आवडत नसेल तर? त्याच काळात त्याच मॉडेलला कारखाना देत असलेल्या इतर रंगांतला एखादा घ्या. आवडही राहते आणि गाडी परकी दिसत नाही. मॅट काळा, मोत्याची झाक असलेला पांढरा वगैरे प्रकार मला फियाटवर बघवत नाहीत, पण गाडी तुमची आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा, की आरसी बुकात रंगाची नोंद असते. रंग बदलला तर ती आरटीओत बदलून घ्यावी लागते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर इंजिनचंही बोलून घेऊ. मारुतीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवून देणारे गॅरेजवाले गावोगाव आहेत, आणि गाडी पळते हे खरं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कारखान्याच्या मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांना मज्जाव करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो आणि नोंदणी दहा वर्षं चालते. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी; चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरबदल झालेले नसावेत. पहिल्या पद्मिनी आता पन्नाशीला आल्या आहेत. मारुतीचं इंजिन टाकलंत तर हा दरवाजा बंद होतो. तशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. दर रविवारी लोणावळ्याला जायचं असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करत राहिलेलंच बरं.

इंजिन बदलू नये याचं कायद्याहून मोठं कारण यंत्रात आहे. गाडीचा प्रत्येक भाग दुसऱ्याच्या हिशेबाने बनवलेला असतो. ताकद वाढवली की चारी चाकांचे ड्रम ब्रेक अपुरे पडतात. डिस्क बसवायला गेलात की पुढचं सस्पेन्शन आणि चाकं बदलावी लागतात. मग रेडिएटर, मग मागचे पाटे. शेवटी हाती येते ती फियाटचं कवच घातलेली भलतीच गाडी. मूळ इंजिन धड असेल तर ते सांभाळणं सोपं आणि स्वस्त आहे. बोअरिंग, नवे पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह फेसिंग ही कामं चांगल्या लेथवाल्याला पाठ असतात.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी मात्र बॅटरी लावून लगेच स्टार्ट करू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग इंजिन हाताने फिरवून बघा. पेट्रोलची टाकी उतरवून धुवा, कारण जुन्या पेट्रोलचा डिंक आणि गंज थेट कार्बोरेटरमध्ये जातो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खातं आणि पाणी शोषून घेतं. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवा. हा बदल कुणाला दिसत नाही, आणि तो न करण्याचा हट्ट म्हणजे आगीला आमंत्रण. 2000 सालापासून आपल्याकडे शिसंमिश्रित पेट्रोल बंद आहे, तेव्हा हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या टाकून घ्या.

जुन्या गाड्यांना डायनामो होता. सिग्नलला इंजिन मंद झालं की तो चार्ज करत नाही आणि हेडलाइट पिवळे पडतात. अल्टरनेटर बसवणं हा अगदी शहाण्यासारखा बदल आहे, कारण तो जवळपास त्याच जागी बसतो आणि काढताही येतो. डायनामो आणि त्याचा कटआउट तेल लावून डब्यात ठेवा, डब्यावर नाव लिहा. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवणार असाल तर रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, हेडलाइटला रिले, नव्या फ्यूजसह नवं वायरिंग यांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. मात्र नव्या वायरी जुन्याच रंगांच्या आणि जुन्याच वाटेने न्यायला सांगा. पुढच्या वायरमनला शिव्या द्यायची वेळ येत नाही.

ब्रेकचं काम सगळ्यात आधी, रंगाच्याही आधी. व्हील सिलिंडर, नळ्या, होस सगळं नवं करा. जुन्या रचनेत चारी चाकांना एकच सर्किट असतं, म्हणजे एक नळी फुटली तर पेडल जमिनीला टेकतं. बाकी ड्रम नीट टर्न केले, लायनिंग चांगलं लावलं आणि अॅडजस्टमेंट वेळेवर केली तर या गाडीच्या वेगाला ते पुरतात. माझ्या कसोटीतून सूट मिळालेली एकच गोष्ट म्हणजे सीट बेल्ट. जुन्या गाडीत ते नसतील तर खांबाला आतून जाड पट्टी देऊन, भोक पाडून ते बसवावे लागतात, आणि ते भोक परत बुजत नाही. तरीही बसवा. गाडीत माणसं बसणार आहेत.

आतल्या भागात आवडीला खरी मोकळीक आहे आणि तिथेच लोक सर्वांत जास्त बिघडवतात. पुढची सलग बाकासारखी सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही जोडी या गाडीची ओळख आहे. सलग सीट काढून बकेट सीट टाकली की पुढे तिघं बसायची सोय जाते, आणि गिअर खाली आणायचा म्हटलं तर तळाचा पत्रा कापावा लागतो. सीट ठेवा, हवं तर आतला फोम नवा आणि टणक घाला, पाठ दुखणार नाही. रेक्झिनचा मूळ रंग आणि शिलाईची चाल जुन्या तुकड्यावरून उतरवून घ्या. गाणी हवी असतील तर ब्लूटूथचा छोटा अॅम्प्लिफायर सीटखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये बसतो, डॅशबोर्डला हात लावावा लागत नाही. अलॉय व्हील चार नटांवर बसतात आणि चार नटांवर निघतात, म्हणून मला ती न आवडूनही मी त्यांच्यावर भांडत नाही. फक्त मूळ चाकं आणि व्हील कप भंगारात देऊ नका.

सामानाबद्दल एक सावधगिरी. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर इंजिन, क्लच, सस्पेन्शनचे भाग सहज मिळत. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023च्या अखेरीस संपली. दुकानदार आता जुना साठा विकतात, नवा भरत नाहीत. तरी यंत्राचे भाग मिळतील किंवा लेथवर होतील. अडतं ते काचा, लाइटच्या लेन्स, ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या आणि रबरी बीडिंगवर. म्हणून गाडी खोलण्याआधी या वस्तूंची यादी करा, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या काश्मीरी गेटला फिरा. ओतीव किंवा लेथचा भाग नव्याने घडवायचा असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर आहेच. सगळी गाडी एकदम खोलू नका. अर्ध्यात सोडलेल्या रिस्टोरेशनच्या गोष्टी बहुतेक इथेच सुरू होतात: गाडी खोलली, खोकी भरली, पैसे संपले, खोकी हरवली. एक विभाग खोला, तो पुरा करा, मग पुढचा.

आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवा. इंग्लंडमधल्या 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीने 1929 आणि 1930 अशी दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात इतके बदल झाले की मूळचं फारसं काही उरलं नाही. ती खरीच तीच गाडी आहे का, हा वाद 1990 मध्ये लंडनच्या कोर्टात गेला. न्यायाधीशांनी ती तीच गाडी असल्याचं मान्य केलं, कारण तिचा इतिहास कुठेही खंडित झालेला नव्हता. तुमचा खटला होणार नाही, पण गाडी विकताना, विंटेज नोंदणी करताना किंवा विमा कंपनीशी किंमत ठरवताना याच गोष्टीचा उपयोग होतो. एक साधी वही करा. तारीख, काय काढलं, काय बसवलं, कुणी बसवलं, पावती, फोटो. आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का, हे पहिल्या पानावर लिहा. न जुळल्यास आधी आरटीओचं काम, मग गॅरेज. जुनी नंबर प्लेट काढून नियमाप्रमाणे नवी बसवली असेल तर जुनी घरात जपून ठेवा.

शेवटचं, वेळेचं. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग धड बसत नाही आणि उघडा पत्रा रातोरात गंजायला लागतो. म्हणून दिवाळी झाली की गाडी गॅरेजला लावा, पत्र्याचं काम थंडीत करून घ्या, रंग मेच्या मध्यापर्यंत उरकू द्या. तोवर झालं नाही, तर प्रायमर मारून, झाकून ठेवा आणि पुढच्या दिवाळीची वाट बघा.